ओ

इमली बाजारात गनीभाईच्या दुकानात
तीन युफोनियम ओळीनं मांडलेले,
तोंडं वर, पंगतीला बसल्यासारखे.
"लोंढे मास्तर, फुंकून सांगा कुठला घ्यायचा.
पैसे बँडमालकाचे, फुप्फुस तुमचं."

पहिला मेरठचा. पातळ पितळ, हाताला हलका,
डाख दिलेले सांधे बोटाला लागतात.
ओठ टेकले न टेकले तोच बोलायला लागला,
वाढायच्या आधीच ताटावर बसणाऱ्या पोरासारखा.
पंचमात थोडा चिरका,
खाली उतरलं की कुरकुर,
पण हाक मारली की ओ. लगेच.
वरातीत हेच तर लागतं :
घोडी बिथरते, जनरेटर आचके देतो,
आणि नवऱ्या मुलाच्या मावशीला
तेच गाणं पुन्हा हवं असतं, आत्ता, इथेच, चौकात.

दुसरा चिनी, कोरा.
खोक्यातून काढला तेव्हा थर्माकोलचे दाणे
भोंग्याला चिकटून बसलेले.
चार खटके, चारही लोण्यासारखे.
मी सा लावला, त्यानं सा दिला.
मी जरा दुखऱ्या अंगानं लावला,
त्यानं तोच सा दिला.
बँकेच्या खिडकीतून यावा तसा :
झालं तुमचं. पुढचे, या.

तिसरा गनीभाईनं गोणपाटातून काढला
आणि काढताना माझ्याकडे बघितलं नाही.
चांदीचा मुलामा, अंगठ्यापाशी घासून पितळ उघडं.
भोंग्यावर लंडनचा पत्ता, निम्मा वाचता येतो.
कुठल्याशा पलटणीचा, मग मिलच्या बँडचा,
मिल बंद पडल्यावर कुणाच्या तरी माळ्यावर,
तिथे त्यात उंदीर व्याले होते म्हणे.
मी हवा घातली.
काहीच नाही.
हवा आत गेली, वळण, वळण, आणखी एक वळण,
वाटलं परत यायची नाही.
मग जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं
तसा आला.
तुपासारखा म्हणणार होतो, पण तूप नव्हे.
भरलेल्या विहिरीत तोंड घालून बोलावं, तसा.
गनीभाईची हातोडी थांबली.
समोरच्या चहावाल्यानंही बघितलं,
पण तो बहुधा कप मोजत होता.

घरी हिला हाक मारतो.
कान गेलेत हिचे. दोन खोल्यांचं अंतर,
चार श्वासांनी ओ येतो.
येतो तेव्हा भिंतींसकट येतो.

"फिदा झालात," गनीभाई म्हणाला,
आणि पेटी ओढून सा धरला.
माझा सा वर.
पट्टीभर नाही, पण वर,
बुटात खडा असावा इतका.
"त्या जमान्यात सूर चढाच होता, भिया.
दुनिया खाली आली, हा राहिला तिथंच.
नळी दोन बोटं वाढवून देऊ?"

वाजवणार चेतन. सोळा वर्षांचा, हाडाचा काटकुळा,
अनंत चतुर्दशीला झाकीपुढे
मालवा मिलपासून राजवाड्यापर्यंत
रात्रभर चालायचं, उजाडेस्तोवर फुंकायचं.
त्याच्या खांद्याला हे वजन?
आणि क्लॅरिनेटवाले चौघे त्याला शिव्या घालणार,
चढा वाजतोस म्हणून.
मी म्हटलं, मेरठचा द्या. पंचमाचं मी त्याला शिकवीन,
ओठ किंचित सैल सोडला की निभतं.

"आणि हा?"
"नळीला हात लावू नका."
"मग कोण घेणार ह्याला?"
मी रुमालानं भोंगा पुसला. नको तितका वेळ.

घराच्या पायरीवर खिसा चाचपला :
माझा माउथपीस,
बापानं दिलेला, काठाला दाताची खूण असलेला,
त्या तिसऱ्यातच राहिला.

दुकान नऊपर्यंत उघडं असतं.
आत्ता साडेसात.
उद्या जाईन म्हणतो.
उद्या बुधवार, गनीभाई दुकान उघडत नाही.
परवा.